घशापासून हृदयापर्यंत: सांधेहृदय ताप का होतो आणि कुणाला होतो

आरोग्याचा पाठ (मासिक बैठकीत वाचून दाखवण्यासाठी)



गटाच्या बैठकीत कर्ज मागणीचे अर्ज येतात तेव्हा कारणाच्या रकान्यात बी-बियाणं, शेळी, शाळेची फी यांच्याबरोबर ‘दवाखाना’ हा शब्द नेहमी असतो. त्यातल्या काही दवाखान्यांची गोष्ट जरा वेगळी असते. पेशंट म्हातारा नसतो. वीस-पंचवीस वर्षांची सून असते किंवा कॉलेजला जाणारी मुलगी असते. तिला जिना चढताना, पाण्याची घागर आणताना धाप लागते. तपासणी केली की डॉक्टर सांगतात, हृदयाची झडप खराब झाली आहे. मग सगळे म्हणतात, एवढ्या लहान वयात हृदयाचा आजार आला कुठून?

बऱ्याचदा तो लहानपणी दुखलेल्या घशातून आलेला असतो. ऐकायला खोटं वाटेल, पण हे खरं आहे. या आजाराला डॉक्टर ‘ऱ्हुमॅटिक फीवर’ म्हणतात. मराठीत त्याला ‘सांधेहृदय ताप’ असंही नाव आहे, आणि ते नाव चांगलं आहे, कारण ताप, सांधे आणि हृदय या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. आजच्या पाठात आपण हा ताप का होतो, कुणाला जास्त होतो आणि तो वेळीच कसा अडवायचा हे समजून घेऊ.

आधी एक गैरसमज दूर करू. चाळिशी-पन्नाशीनंतर आपल्यापैकी अनेकींचे गुडघे दुखतात, त्याला आपण संधिवात म्हणतो. तो आजार वेगळा. आजचा आजार मुख्यतः शाळेच्या वयातल्या मुलामुलींचा आहे. त्यामुळे हा पाठ ऐकताना आपल्या गुडघ्यांचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि घरातल्या ५ ते १५ वर्षांच्या लेकरांचा विचार करा.

हा ताप होतो कशामुळे?

‘स्ट्रेप्टोकॉकस’ नावाचा एक जंतू आहे. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘स्ट्रेप’ म्हणतात. तो घशात बसतो, टॉन्सिल सुजवतो. ज्याला आपण ‘घशात गाठी आल्या’ म्हणतो, त्यातल्या काही गाठी या जंतूमुळे येतात. खोकताना, शिंकताना, अगदी जवळ झोपल्याने तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

आपल्या शरीरात रोगाशी लढणारी एक ताकद असते, तिला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. घशात स्ट्रेप आला की ती ताकद कामाला लागते आणि जंतूला मारते. इथपर्यंत ठीक आहे. गडबड पुढे होते. या जंतूच्या अंगावरचा काही भाग आपल्या हृदयाच्या आणि सांध्यांच्या काही भागांसारखा दिसतो. काही मुलांच्या शरीराची यात फसगत होते. रात्री शेताची राखण करणाऱ्याने अंधारात चोर समजून घरच्याच माणसाला काठी मारावी, तसं होतं. जंतू तर मेलेला असतो, पण शरीर आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर हल्ला करत राहतं. त्या हल्ल्याचं नाव सांधेहृदय ताप.

हे घसा दुखताना होत नाही. घसा बरा झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी होतं. म्हणून आईला दोन्हींचा संबंध लागत नाही. महिन्यापूर्वीचा घसा कोण लक्षात ठेवतं? काही मुलांचा घसा तर इतका थोडा दुखलेला असतो की घरात कुणाला कळलेलंही नसतं.

प्रत्येक दुखऱ्या घशानंतर असं होत नाही, हेही नीट लक्षात घ्या. बहुतेक घसे सर्दीच्या विषाणूंमुळे दुखतात आणि आपोआप बरे होतात. स्ट्रेप झालेल्या मुलांपैकीसुद्धा थोड्याच मुलांना पुढे हा ताप येतो. पण ज्यांना येतो त्यांचं आयुष्य बदलतं.

कशामुळे होत नाही, हेही माहीत हवं. आंबट खाल्लं, ताक प्यायलं, बर्फाचा गोळा खाल्ला म्हणून हा आजार होत नाही. कुणाची नजर लागून होत नाही. आईने काळजी घेतली नाही म्हणूनही होत नाही. आणि सांधेहृदय ताप स्वतः एकाचा दुसऱ्याला लागत नाही. लागतो तो घशातला जंतू. त्यामुळे हा ताप झालेल्या मुलाला वेगळं ताट, वेगळं अंथरूण देण्याची काही गरज नाही.

कुणाला जास्त होतो?

पहिली गोष्ट वय. ५ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना हा ताप सगळ्यात जास्त येतो. तीन वर्षांच्या आतल्या बाळांना क्वचितच येतो.

दुसरी गोष्ट घर. एका खोलीत सहा-सात जण झोपतात, हवा खेळत नाही, अशा घरात घशातला जंतू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. एका मुलाला पुन्हा पुन्हा स्ट्रेप होतो आणि दर वेळी धोका वाढतो. म्हणून हा आजार गरिबीचा आणि दाटीचा आजार समजला जातो. शंभर वर्षांपूर्वी तो युरोप-अमेरिकेतही भरपूर होता. तिथे पेनिसिलीन यायच्या आधीपासूनच तो कमी होऊ लागला, कारण लोकांची घरं सुधारली, दाटी कमी झाली. पेनिसिलीन आल्यावर तो आणखी घटला. आज तो भारतात, आफ्रिकेत आणि पॅसिफिक बेटांवर जास्त आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे श्रीमंत देश, पण तिथेही मूळनिवासी आणि माओरी मुलांमध्ये हा आजार खूप आहे. न्यूझीलंडच्या सरकारने २०१३ पासून अशा कुटुंबांची घरं कोरडी, उबदार आणि कमी दाटीची करण्याचा कार्यक्रमच सुरू केला. म्हणजे बघा, घर हेसुद्धा औषध आहे.

आपल्याकडे दाटीचं घर म्हटलं की ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आठवतात. फडाजवळ कोपी घालून सगळं कुटुंब एकाच जागेत पाच-सहा महिने राहतं. वीटभट्टीवर तेच, शहरातल्या पत्र्याच्या खोलीत तेच. मुलं आजारी पडली तरी एक दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात जाणं जमत नाही.

तिसरी गोष्ट, आधी एकदा हा ताप येऊन गेला असेल तर तो पुन्हा येण्याची भीती फार जास्त असते. एकदा फसलेलं शरीर पुन्हा फसतं, आणि प्रत्येक वेळी हृदयाला नवी इजा होते. हा मुद्दा पक्का लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

चौथी गोष्ट आपली, म्हणजे बायकांची. लहानपणी हा ताप मुलांना आणि मुलींना जवळपास सारखाच येतो. पण पुढे झडप खराब होण्याचा आजार बायकांमध्ये जास्त आढळतो. त्याची कारणं शरीरातही असतील, पण मुलीच्या दुखण्याकडे उशिरा लक्ष जातं आणि लग्न झालं की तिचे उपचार थांबतात, हे तर आपण डोळ्यांनी बघतो.

जगभरात आज पाच कोटींहून जास्त लोक या झडपांच्या आजाराने त्रासलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या महासभेत सगळ्या देशांनी मिळून या आजाराविरुद्ध काम करण्याचा ठराव केला आहे.

लक्षणं कशी ओळखायची?

सांधे: बहुतेक मुलांत इथून सुरुवात होते. गुडघा, घोटा, कोपर, मनगट असे मोठे सांधे सुजतात, लाल होतात, हात लावला तर गरम लागतात. दुखणं इतकं असतं की अंगावरची चादर लागली तरी मूल ओरडतं. आणि हे दुखणं जागा बदलतं. आज गुडघा, परवा घोटा, मग कोपर. सोबत ताप असतो. गोळी दिली की सांधा पटकन बरा होतो, आणि नाही दिली तरी काही आठवड्यांत सूज जाते. सांध्यात काही खूणही राहत नाही. म्हणून घरचे म्हणतात, झालं बरं. इथेच आपण फसतो, कारण सांधा बरा होतो पण हृदयात बिघाड चालूच असू शकतो.

‘वाढीचं वय आहे, पाय दुखणारच,’ असं आपण सहज म्हणतो. फरक असा ओळखायचा: वाढीच्या वयातलं दुखणं बहुतेक रात्री, दोन्ही पायांत असतं. सूज नसते, ताप नसतो, आणि सकाळी मूल खेळायला पळतं. सूज, गरमपणा, ताप आणि लंगडणं असेल तर ते वाढीचं दुखणं नाही.

हृदय: धाप लागणं, छातीत धडधड, लवकर थकणं, खेळ सोडून बसून राहणं, आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, पायावर सूज. काही मुलांना सुरुवातीला यातलं काहीच जाणवत नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावली तरच वेगळा आवाज ऐकू येतो.

हातपाय आपोआप हलणं: हे लक्षण मुलींत जास्त दिसतं आणि घसा दुखून गेल्यावर काही महिन्यांनीसुद्धा येऊ शकतं. हात, चेहरा, पाय आपोआप वेडेवाकडे हलतात. हातातला पेला पडतो, अक्षर बिघडतं, मुलगी चिडचिडी होते, एकदम रडते. झोपल्यावर हालचाल थांबते. शाळेत तिला वात्रट म्हणून ओरडा बसतो आणि गावात कुणी म्हणतं ‘बाहेरचं काहीतरी आहे’. ताईंनो, अशा मुलीला आधी दवाखान्यात न्या. तिची ही हालचाल औषधाने आणि वेळेने बरी होते, पण तिचं हृदय तपासायलाच हवं.

अंगावर न खाजणारे गोल लालसर चट्टे किंवा सांध्यांजवळ कातडीखाली न दुखणाऱ्या छोट्या गाठी, ही लक्षणंही असतात, पण ती कमी मुलांत दिसतात.

या आजाराची खात्री करायला एकच अशी तपासणी नाही. डॉक्टर लक्षणं, रक्त, ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी म्हणजे ‘इको’ असं सगळं मिळून ठरवतात. रक्तात ‘एएसओ’ वाढलंय एवढ्यावरून आजार पक्का होत नाही. एएसओ वाढलं म्हणजे अलीकडे स्ट्रेप होऊन गेला, एवढंच. त्यामुळे नुसत्या त्या कागदावरून घाबरू नका, पण ‘इको करायचा का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा.

झडप खराब होते म्हणजे काय होतं?

विहिरीतल्या मोटारीच्या पाइपाला व्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. हृदयातही असे चार व्हॉल्व्ह आहेत, त्यांनाच आपण झडपा म्हणतो. रक्त एकाच दिशेने पुढे जावं हे त्यांचं काम. या तापात झडपांना सूज येते आणि पुढे त्या जाड होतात, आक्रसतात, एकमेकींना चिकटतात. मग एक तर झडप नीट उघडत नाही किंवा नीट बंद होत नाही. सगळ्यात जास्त त्रास डाव्या बाजूच्या ‘मायट्रल’ झडपेला होतो. व्हॉल्व्ह खराब झाला की मोटारीवर ताण येतो, तसा हृदयावर ताण येतो आणि रक्त फुप्फुसात तुंबतं. म्हणून धाप लागते.

हे एका दिवसात होत नाही. पुन्हा पुन्हा ताप येत राहिला की वर्षानुवर्षं झडप बिघडत जाते. दहाव्या वर्षी आलेल्या तापाचं बिल पंचविसाव्या वर्षी येतं, ते असं.

बाळंतपणात काय धोका?

गरोदरपणात आईच्या शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं. चांगलं हृदय हे ओझं पेलतं. अरुंद झालेल्या झडपेतून मात्र एवढं रक्त जात नाही. त्यामुळे अनेक बायकांचा हा आजार पहिल्यांदा कळतो तो गरोदरपणातच. सहाव्या-सातव्या महिन्यात धाप वाढते, रात्री उशी लावून बसावं लागतं, खोकला येतो, कधी थुंकीत रक्त दिसतं. ‘पोट वाढलंय, धाप लागणारच,’ म्हणून सोडून देऊ नका. थोडं चालल्यावर धाप लागणं वेगळं आणि आडवं झाल्यावर श्वास कोंडणं वेगळं. दुसरं झालं तर त्याच दिवशी दवाखाना. रात्री झालं तर १०८ ला फोन.

गरोदर बाईची नाव नोंदणी करताना आशाताईंना हे आवर्जून सांगा: लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, कधी महिन्याला इंजेक्शन चालू होतं का. एवढ्या एका वाक्याने डॉक्टर सावध होतात आणि बाळंतपण कुठे करायचं हे आधीच ठरतं. चालू असलेलं पेनिसिलीनचं इंजेक्शन गरोदरपणातही घेता येतं, ते आपल्या मनाने बंद करायचं नाही. झडप बदलली असेल आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं लागतं, कारण त्यातल्या काही गोळ्या बाळाला धोक्याच्या असतात.

अडवायचा कसा?

पहिला बांध घशावर.

मुलाचा घसा अचानक दुखू लागला, ताप आहे, गिळताना त्रास होतो, टॉन्सिल लाल आहेत, त्यावर पांढरे-पिवळे ठिपके दिसतात, जबड्याखाली दुखऱ्या गाठी लागतात, आणि सर्दी-खोकला नाही, तर तो स्ट्रेप असू शकतो. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुतेक ती साधी सर्दी.

स्ट्रेपची शंका असेल तर मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झालं तर सांधेहृदय ताप टळू शकतो. औषध जुनंच आहे आणि स्वस्त आहे: पेनिसिलीनचं एक इंजेक्शन, किंवा पेनिसिलीन अथवा अमॉक्सिसिलीनच्या गोळ्या पूर्ण दहा दिवस. इतकी वर्षं झाली तरी हा जंतू पेनिसिलीनला दाद देतो.

अडचण होते ती दोन-तीन दिवसांत. घसा थांबला की आपण उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवतो, ‘पुढच्या वेळी कामाला येतील’ म्हणून. किंवा मेडिकलमधून दोनच दिवसांच्या गोळ्या आणतो. घसा तेवढ्यात बरा होतो, पण जंतू पूर्ण जात नाही. म्हणून दहा म्हणजे दहा दिवस. हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या जरूर करा, घशाला आराम पडतो. पण त्यांनी स्ट्रेप जात नाही.

दुसरा बांध एकवीस दिवसांचा.

ज्या मुलाला एकदा सांधेहृदय ताप येऊन गेला, त्याला पुन्हा येऊ नये म्हणून लांब काळ टिकणारं पेनिसिलीनचं इंजेक्शन देतात. त्याचं नाव बेन्झाथिन पेनिसिलीन. आपल्याकडे ते बहुतेक दर २१ दिवसांनी द्यायला सांगतात. म्हणजे वर्षाला साधारण १७ इंजेक्शनं.

किती वर्षं? हृदयाला इजा झाली नसेल तर निदान पाच वर्षं किंवा वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत, यातलं जे उशिरा येईल ते. हृदयाला इजा झाली असेल तर निदान दहा वर्षं किंवा २५ व्या वर्षापर्यंत. झडप फार बिघडली असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर त्याहून जास्त, काहींना आयुष्यभर. नेमकं किती, ते डॉक्टर ठरवतात.

आता गटाच्या भाषेत सांगते. कर्जाचा हप्ता एक चुकला तर आपण पुढच्या महिन्यात व्याज धरून भरतो आणि खातं जुळतं. इंजेक्शनचा हप्ता तसा भरून काढता येत नाही. २१ दिवसांनी औषध अंगातून उतरतं. त्या मोकळ्या दिवसांत स्ट्रेप आला तर ताप पुन्हा येतो आणि झडपेला नवी इजा होते. ती इजा मागे फिरत नाही.

इंजेक्शन का चुकतं याची कारणं घरोघरी तीच असतात. सुई खूप दुखते, मूल रडतं. मूल धडधाकट दिसतं, मग सुई कशाला. केंद्रात औषध नसतं. रिॲक्शनची भीती वाटते. रिॲक्शन क्वचित येते, पण येऊ शकते, म्हणून इंजेक्शन दवाखान्यातच घ्यायचं, आधी कधी पेनिसिलीनचा त्रास झाला असेल तर सांगायचं आणि सुई दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं. मूल उपाशी नेऊ नका. दुखत असेल तर कुशीवर आडवं करून सावकाश सुई द्यायला सांगा.

दोन कारणं मात्र आपल्या भागाची खास आहेत, त्यावर थांबून बोलू.

एक, स्थलांतर. दिवाळीच्या सुमाराला टोळी निघते आणि मार्च-एप्रिलला परत येते. एवढ्या काळात सात-आठ इंजेक्शनं येतात. गावात नीट चाललेलं खातं तिथे तुटतं. निघायच्या आधी आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या: मुलाचं नाव, आजार, औषधाचं नाव, किती दिवसांनी, शेवटचं कधी दिलं. तिचा मोबाइलमध्ये फोटो काढा आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्डासोबत ठेवा. कारखान्याजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात ती दाखवा. मूल आजी-आजोबांकडे राहणार असेल तर तारखांचा कागद आजीच्या हातात द्या.

दुसरं, लग्न. १८ ते २५ हा काळ म्हणजे इंजेक्शन चालू राहायला हवं असा काळ, आणि आपल्या मुलींची लग्नं नेमकी त्याच काळात होतात. ‘सासरी कळलं तर?’ या भीतीने वही माहेरीच राहते, सुई बंद होते, आणि वर्ष-दोन वर्षांत दिवस राहतात. याची किंमत ती मुलगीच भरते. हे बोलणं सोपं नाही, मला माहीत आहे. पण इंजेक्शन घेणारी मुलगी अनेकदा शिकू शकते, काम करू शकते, संसार करू शकते. मूल कधी होऊ द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवता येतं. लपवलेला आजारच तिला अंथरुणाला लावतो. तुमच्यापैकी ज्या आज सासू आहेत, त्यांच्या हातात यातलं निम्मं काम आहे. सून आली की ‘तुझी काही औषधं चालू आहेत का गं?’ एवढं मायेने विचारा.

आणि एक लहान पण महत्त्वाची गोष्ट. ज्यांची झडप खराब आहे त्यांनी दात स्वच्छ ठेवायचे, आणि दात काढायच्या आधी दाताच्या डॉक्टरांना हृदयाचं सांगायचं. तोंडातले जंतू रक्तातून बिघडलेल्या झडपेवर जाऊन बसू शकतात.

सरकारी मदत कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी ते करतं. या तपासणीच्या यादीत सांधेहृदय तापाने होणारा हृदयाचा आजार आहे. पथक कधी येणार ते मुख्याध्यापकांना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवाच. घरी झालेला त्रास वहीच्या पानावर लिहून द्या, नाहीतर गर्दीत राहून जातं.

झडप अरुंद झाली असेल तर काही पेशंटना छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप मोकळी करतात. काहींना झडप दुरुस्त करावी लागते किंवा बदलावी लागते. हा खर्च मोठा असतो. सावकाराकडे किंवा गटाकडे कर्जाला जायच्या आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. हृदयाच्या झडपांवरचे उपचार या योजनेत आहेत. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि तपासणीचे कागद घेऊन त्यांनाच भेटा. ऑपरेशन झालं म्हणजे आजार संपला असं नाही, हेही लक्षात ठेवा. इंजेक्शन आणि गोळ्या पुढेही चालतात.

आपला गट काय करू शकतो?

हे काम नुसत्या डॉक्टरांनी होत नाही. क्युबा देशातल्या पिनार देल रिओ या भागात १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं एक कार्यक्रम चालवला. त्यात लोकांना घशाच्या दुखण्याची माहिती दिली, रुग्णांची नोंद ठेवली आणि इंजेक्शन चुकू दिलं नाही. तिथे हा आजार खूप कमी झाला. यातलं नोंद ठेवणं आणि तारीख न चुकवणं, ही दोन कामं आपल्या गटांना कुणी शिकवायला नको.

१. गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, घरच्यांच्या संमतीने, इंजेक्शन चालू असलेल्या मुलामुलींच्या तारखा लिहा. दर २१ दिवसांनी एका ताईने आठवण करायची. नावाची चर्चा गटाबाहेर करायची नाही.

२. आईला मजुरी सोडता येत नसेल तर शेजारच्या ताईने मुलाला केंद्रात न्यायचं. पाळी लावून घ्या.

३. केंद्रात औषध नसेल तर नुसतं परत येऊ नका. ग्रामसंघाच्या नावाने वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीतही विषय मांडा.

४. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असतात. आपल्या गटातली ताई समितीत असेल तर तिने शिक्षकांना सांगावं की लंगडणारं, धाप लागणारं किंवा हात हलत राहणारं मूल दिसलं तर घरी कळवा.

५. घरकुलाच्या यादीसाठी ग्रामसभा होते तेव्हा जा. घरात खिडकी असावी, झोपायला जागा असावी, ही आरोग्याचीच मागणी आहे.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. घसा दुखणं आणि सांधे सुजणं यांच्यात साधारण किती दिवसांचं अंतर असतं?

२. वाढीच्या वयातलं पाय दुखणं आणि या आजारातलं सांधे दुखणं यात काय फरक?

३. सांधा बरा झाला तरी डॉक्टरांकडे का जायचं?

४. आपल्या गावातून ऊसतोडीला किंवा भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांत कुणाचं औषध चालू आहे का? त्यांच्या चिठ्ठीचं काम कोण करणार?

५. लग्न झालेल्या मुलीचं इंजेक्शन चालू राहावं म्हणून माहेरने काय करायचं आणि सासरने काय करायचं?

पाचव्या प्रश्नाला घाई करू नका. त्यावर सगळ्या ताईंना बोलू द्या, विशेषतः ज्या गप्प बसतात त्यांना. चर्चेत निघालेले मुद्दे सचिव ताईंनी इतिवृत्तात लिहावेत. ते घेऊन पुढच्या महिन्यात आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना प्रभागाच्या बैठकीला बोलावू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक